रहिवाशाची कैफियत : डिस्टोपियन कादंबरीचा आढावा

येणारा काळ वाईट असणार, ही कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कलियुगाचे जे वर्णन ऐकवतो, किंवा भागवताच्या बाराव्या स्कंधात पुढील काळाचे जे चित्र येते, त्यात राजे प्रजेला लुटतात, पाऊस दगा देतो, माणसांची आयुष्ये आखूड होतात आणि वर्णांची नेमून दिलेली कामे एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे तेथील भय हे घडी विस्कटण्याचे भय आहे. विसाव्या शतकात युरोपात आकाराला आलेल्या आणि आज जगाच्या बहुतेक मोठ्या भाषांत लिहिल्या जाणाऱ्या डिस्टोपियन कादंबरीचे भय याच्या उलट दिशेचे आहे. तिच्यातील समाजाची घडी पक्की बसलेली असते. कोणी कोठे राहावे, काय खावे, कोणावर प्रेम करावे आणि कोणता विचार मनात येऊ देऊ नये, हे सगळे तेथे ठरलेले असते, आणि ते माणसाच्या भल्यासाठी ठरवले आहे असे सांगितले जाते. महापूर, अणुयुद्ध किंवा साथीच्या रोगानंतरच्या ओसाड जगाच्या कथाही अलीकडे सर्रास डिस्टोपियन म्हणून ओळखल्या जातात, परंतु त्या मुळात विनाशकथा आहेत. डिस्टोपिया म्हणजे उद्ध्वस्त झालेला समाज नव्हे, तर माणसाला गिळून उभा राहिलेला सुसंघटित समाज, एवढी व्याख्या मनाशी धरली तर या साहित्यप्रकाराची बहुतेक वैशिष्ट्ये आपोआप उलगडत जातात.

या शब्दाकडे 'युटोपिया'च्या वाटेने जावे लागते. पुढे इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झालेल्या टॉमस मोरने १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन पुस्तकातील बेटाला हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'ऊ' म्हणजे 'नाही', 'यू' म्हणजे 'चांगले' आणि 'टोपोस' म्हणजे 'जागा'. या श्लेषामुळे ते बेट एकाच वेळी चांगली जागा आणि कोठेच नसलेली जागा ठरते. मराठीतील 'मनोराज्य' हा शब्द या दुहेरी अर्थाच्या बराच जवळ जातो, कारण त्यात राज्यही आहे आणि ते केवळ मनातले असल्याची कबुलीही आहे. मोरच्या बेटावर खासगी मालमत्ता नाही, दिवसाला ६ तासच काम आहे आणि सोन्याची किंमत इतकी उतरलेली आहे की त्याची मूत्रपात्रे बनवली जातात. परंतु याच बेटावरची ५४ शहरे जवळजवळ एकसारखी आहेत, परवान्याशिवाय प्रवास करताना दुसऱ्यांदा सापडलेल्याला गुलाम केले जाते, आणि गुत्ते किंवा गुप्त भेटीच्या जागा नसल्यामुळे प्रत्येक जण सतत इतरांच्या नजरेखाली वावरतो. मोरच्या वाचकाला हे खटकत नाही, याचे कारण निवेदनात आहे. त्या बेटाची हकिकत तेथे काही वर्षे राहून परतलेला एक प्रवासी सांगतो. युटोपिया ही पाहुण्याने सांगितलेली गोष्ट असते, आणि हा संकेत पुढे इतका पक्का झाला की विल्यम मॉरिसने १८९०च्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर'मध्ये आपल्या नायकाचे आडनावच 'गेस्ट' ठेवले. डिस्टोपियन कादंबरी तेच बेट तेथील रहिवाशाच्या तोंडून सांगते. पाहुणा तुलना करू शकतो, प्रश्न विचारू शकतो आणि कंटाळला तर घरी जाऊ शकतो. रहिवाशाला यांपैकी काहीही करता येत नाही.

'डिस्टोपिया' हा शब्द राजकीय भाषणात वापरण्याचा मान सामान्यतः जॉन स्टुअर्ट मिलला दिला जातो. आयर्लंडविषयक धोरणावर १८६८ साली ब्रिटिश संसदेत बोलताना त्याने सरकारच्या समर्थकांना उद्देशून तो योजला. युटोपियन म्हणजे प्रत्यक्षात येणार नाही इतके चांगले मागणारे लोक, आणि समोरच्यांना हवे आहे ते तर अंमलात आणता येणार नाही इतके वाईट, असा त्याचा आशय होता. साहित्यप्रकार म्हणून मात्र हा शब्द रूढ व्हायला आणखी बराच काळ गेला, कारण तोपर्यंत एकोणिसावे शतक मनोराज्यांतच रमलेले होते. लंडनमध्ये १८५१च्या औद्योगिक प्रदर्शनासाठी लोखंड आणि काच यांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. रशियन क्रांतिकारक लेखक निकोलाय चेर्निशेव्स्कीने तुरुंगात लिहिलेल्या आणि १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'काय करावे?' या कादंबरीत नायिकेच्या स्वप्नात तसाच एक काचमहाल येतो आणि त्यात भविष्यातली सुखी माणसे सामुदायिक जीवन जगतात. त्याला दस्तयेव्स्कीने दुसऱ्याच वर्षी 'तळघरातील टिपणे'मध्ये उत्तर दिले. गणिताने सिद्ध झालेले सुख हाती आले, तरी माणूस केवळ आपली मर्जी आपली आहे हे पटवण्यासाठी ते लाथाडेल, असे त्याचा चिडखोर निवेदक सांगतो. डिस्टोपियन कादंबरीचा सगळा युक्तिवाद या छोट्या पुस्तकात बीजरूपाने आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यानंतरच्या इंग्रजी लेखनापैकी एच. जी. वेल्सच्या १८९९च्या 'व्हेन द स्लीपर वेक्स'ने यंत्रसज्ज महानगरातील हुकूमशाहीचा नमुना पुरवला, आणि ई. एम. फॉर्स्टरच्या १९०९च्या 'द मशीन स्टॉप्स' या दीर्घकथेने भूगर्भातील षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहून पडद्यावरून बोलणारी माणसे उभी केली.

या परंपरेचा खरा आरंभ मात्र येवगेनी झाम्यातिनच्या 'आम्ही' या अर्थाच्या नावाच्या रशियन कादंबरीपासून मानावा लागतो, आणि या आढाव्यात तिला अधिक जागा देणे योग्य आहे, कारण पुढच्या कादंबऱ्यांनी उचललेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्यात आहे. झाम्यातिन जहाजबांधणीतला अभियंता होता. झारच्या काळात तो बोल्शेविक म्हणून तुरुंगात गेला होता आणि १९२२ साली बोल्शेविकांच्या राज्यात त्याला पुन्हा अटक झाली. १९१६-१७ मध्ये तो रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर देखरेख करण्यासाठी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे होता, आणि तेथील मध्यमवर्गीय शिष्टाचारावर त्याने जी लघुकादंबरी लिहिली तिच्यात एक पाद्री जेवण, प्रार्थना, दानधर्म आणि दांपत्यजीवन या सगळ्यांचे वेळापत्रक बनवतो. 'आम्ही' या कादंबरीतील 'वेळांचा तक्ता' या पाद्र्याच्या घरातून आलेला आहे. त्यामुळे ही कादंबरी केवळ सोव्हिएत राजवटीवरची टीका आहे, हे प्रचलित मत अपुरे वाटते. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने कामगारांच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप करून उत्पादन वाढवण्याचे जे शास्त्र मांडले होते, ते भांडवलदारांना जेवढे प्रिय होते तेवढेच लेनिनलाही उपयुक्त वाटत होते. झाम्यातिनचा निवेदक तर टेलरला कांटपेक्षा थोर समजतो.

हा निवेदक म्हणजे डी-५०३, 'एकराज्य' नावाच्या राष्ट्राचा गणिती आणि 'इंटिग्रल' या अवकाशयानाचा निर्माता. त्या राष्ट्रात नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत, आणि गुलाबी कूपन दाखवून मिळालेल्या ठरावीक वेळेपुरतेच पडदे खाली सोडता येतात. शहराभोवती 'हरित भिंत' आहे आणि तिच्यापलीकडे रान आहे. डी-५०३ आपल्या टिपणांना सुरुवात करतो ती बंड म्हणून नव्हे. परग्रहावरील अजून 'स्वातंत्र्याच्या रानटी अवस्थेत' असलेल्या जीवांना एकराज्याचे सुख समजावे, म्हणून सरकारी आवाहनानुसार तो स्तुतिपर मजकूर लिहू लागतो, आणि लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात येते की 'आम्ही' लिहायला बसलेल्या हाताखाली 'मी' उमटू लागला आहे. ई-३३० नावाच्या स्त्रीच्या ओढीने तो भिंतीपलीकडे जातो आणि शेवटी कल्पनाशक्ती नष्ट करणाऱ्या शस्त्रक्रियेला सामोरा जाऊन पूर्ववत होतो. ४० टिपणांच्या या कादंबरीचे शेवटचे टिपण भयानक आहे, कारण त्यात हुंदका नाही. ई-३३०चा छळ तो शांतपणे, स्वच्छ भाषेत नोंदवतो. १९२०-२१ मध्ये लिहिलेले हे पुस्तक प्रथम १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी अनुवादाच्या रूपात आले, आणि लेखकाच्या मायदेशात ते १९८८ साली छापले गेले. झाम्यातिन १९३१ साली थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मिळवू शकला आणि १९३७ साली पॅरिसमध्ये वारला.

ऑल्डस हक्सलेच्या १९३२च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये दडपशाहीची गरजच उरलेली नाही. कालगणना हेन्री फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीपासून, म्हणजे १९०८पासून सुरू होते आणि कथा फोर्ड संवत ६३२ मध्ये घडते. माणसे बाटल्यांत वाढवली जातात आणि एका फलित बीजापासून ९६ पर्यंत एकसारखी मुले तयार केली जातात. अल्फा ते एप्सिलॉन अशा श्रेणींत जन्माआधीच वाटणी झालेल्या या लोकांना झोपेत ऐकवलेल्या घोषवाक्यांतून स्वतःची श्रेणी आवडायला शिकवले जाते, आणि तरीही मन उदास झालेच तर 'सोमा' नावाची गोळी असते. हे नाव वैदिक सोमरसावरून घेतलेले आहे, आणि श्रेणींसाठी हक्सलेने वापरलेला शब्द तर थेट 'कास्ट' म्हणजे जात असा आहे. १९२५-२६ मध्ये त्याने भारताचा प्रवासही केला होता. मराठी वाचकाने येथे थोडे थांबले पाहिजे. जन्माबरोबर काम ठरणे, त्या कामाची पायरी ठरणे आणि पायरीचे समर्थन खालच्या पायरीवरच्याच मनात रुजवणे, ही युरोपीय लेखकाला भविष्यासाठी कल्पावी लागलेली रचना या भूमीत शतकानुशतके नांदलेली होती. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले, ते हक्सलेच्या कादंबरीनंतर अवघ्या चार वर्षांनी. १९७८ साली आलेले दया पवारांचे 'बलुतं' या दृष्टीने वाचले तर त्यातील गावगाड्याची घडी किती पक्की होती आणि ती आतल्या माणसाला कशी दिसत होती, हे कोणत्याही भविष्यकथेपेक्षा अधिक तपशिलाने कळते. 'बलुतं' ही डिस्टोपियन कादंबरी नव्हे, ते आत्मकथन आहे. पण रहिवाशाची साक्ष म्हणजे काय, हे त्याच्याइतके स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

जॉर्ज ऑर्वेलचा जन्म बिहारमधील मोतिहारीचा, १९०३ सालचा. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते आणि तो स्वतः तरुणपणी ब्रह्मदेशात साम्राज्याचा पोलीस अधिकारी होता. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे, कारण सत्तेचे यंत्र त्याने आधी आतून, तिचा नोकर म्हणून पाहिले, मग स्पेनच्या यादवी युद्धात तिचे सावज म्हणून पाहिले, आणि दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या पौर्वात्य विभागात काम करताना शब्द कसे तपासून सोडले जातात तेही पाहिले. ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'नाइन्टीन एटी-फोर'चा नायक विन्स्टन स्मिथ 'सत्य मंत्रालया'त जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर आजच्या धोरणाशी जुळेल असा बदलत बसतो आणि मूळ कागद भिंतीतल्या भोकात टाकतो, जेथून ते भट्टीत जातात. या कादंबरीत अन्नही पुरेसे नाही आणि दाढीची पातीही बोथट आहेत, म्हणून ती सुव्यवस्थेच्या व्याख्येत बसत नाही असा आक्षेप घेता येईल. परंतु तेथील टंचाई हा ढिसाळपणाचा परिणाम नाही. अतिरिक्त उत्पादन युद्धात जाळून लोकांना गरजेच्या काठावर ठेवणे, हे तेथील राज्यकर्त्यांचे जाणूनबुजून पाळलेले धोरण आहे. हक्सलेचे जग सुखाने बांधलेले आणि ऑर्वेलचे भयाने, ही तुलना इतक्यांदा झाली आहे की तीत भर घालण्यासारखे फारसे नाही. दोघांमधले साम्य अधिक बोलके आहे. दोन्ही राज्यांनी इतिहास नाहीसा केला आहे, कारण पूर्वी वेगळे काही होते हे ज्याला आठवते तो स्वतःच्या देशात पाहुण्याच्या नजरेने वावरू लागतो.

येथे या साहित्यप्रकाराच्या भाषाविषयक चिंतेचा उगम आहे. ऑर्वेलच्या 'न्यूस्पीक'चा, म्हणजे नवभाषेचा शब्दकोश प्रत्येक आवृत्तीत लहान होत जातो. ज्या विचाराला शब्द नाही तो विचार करताच येऊ नये, हा तिचा हेतू आहे. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये स्त्रियांना वाचनाची बंदी असते आणि दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांऐवजी चित्रे असतात. रे ब्रॅडबरीच्या १९५३च्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये अग्निशामक दल आगी विझवत नाही, पुस्तके जाळते. पण त्यातील अधिकारी कॅप्टन बीटी जो इतिहास सांगतो तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्याच्या म्हणण्यानुसार पुस्तकांवरची बंदी वरून आलीच नव्हती. लोकांना मजकूर आखूड हवा होता आणि कोणाचे मन दुखावणारे काही नको होते, आणि सरकारने ती इच्छा फक्त पुरी केली. शब्द, आठवण आणि खासगी जिव्हाळा ही तीन साधने माणसाकडे राहिली तर तो तुलना करू शकतो. म्हणून प्रत्येक डिस्टोपियन राज्य या तिन्हींवर एकाच वेळी हात घालते, आणि प्रत्येक नायकाचे बंड रोजनिशी लिहिण्यासारख्या, जुन्या वस्तूंच्या दुकानातून काचेचा पेपरवेट विकत घेण्यासारख्या किंवा चोरून प्रेम करण्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीपासून सुरू होते.

बीटीचा उल्लेख आला तो आणखी एका ठळक वैशिष्ट्याकडे नेतो. या कादंबऱ्यांच्या उत्तरार्धात बहुधा एक दीर्घ संभाषण येते, आणि त्यात राज्याचा एक वरिष्ठ प्रतिनिधी बंडखोराला व्यवस्थेचे तत्त्वज्ञान समजावून सांगतो. झाम्यातिनचा 'उपकारकर्ता', हक्सलेचा मुस्तफा माँड, ऑर्वेलचा ओब्रायन आणि ब्रॅडबरीचा बीटी ही एकाच कुळातली माणसे आहेत, आणि त्यांचा मूळपुरुष म्हणजे दस्तयेव्स्कीच्या 'करामाझोव्ह बंधू'मधील धर्मन्यायाधीश, जो परत आलेल्या येशूला सांगतो की माणसांना स्वातंत्र्य नको असते, भाकरी आणि आज्ञा हव्या असतात. हे अधिकारी अडाणी किंवा केवळ क्रूर नसतात. माँडच्या तिजोरीत बंदी घातलेली पुस्तके असतात आणि ती त्याने वाचलेली असतात. बीटी जाळायच्या पुस्तकांतली वचने तोंडपाठ म्हणून दाखवतो. ओब्रायनला विन्स्टनच्या मनात येणारा प्रत्येक विचार आधीच ठाऊक असतो. राज्यात सगळे वाचलेला जो एकच माणूस उरतो, तो राज्याच्या बाजूचा असतो. या प्रसंगाची ताकद अशी की लेखकाला तेथे स्वतःविरुद्ध युक्तिवाद लढवावा लागतो, आणि जेथे अधिकाऱ्याचे म्हणणे खरोखर पटण्याजोगे वाटते तेथेच कादंबरी मोठी होते. हक्सलेने या संभाषणात एक पाहुणा आणून बसवला आहे. संरक्षित प्रदेशात शेक्सपिअर वाचत वाढलेला जॉन दुःखी होण्याचा हक्क मागतो, माँड तो खांदे उडवून देऊन टाकतो, आणि अखेरीस जॉन गळफास लावून घेतो. पाहुण्यालाही परतीची वाट न ठेवणारी ही पहिली मोठी कादंबरी.

या अभिजात कादंबऱ्यांची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. झाम्यातिनची ई-३३०, हक्सलेची लेनिना, ऑर्वेलची ज्युलिया, ब्रॅडबरीची क्लॅरिस या स्त्रिया नायकाला जागे करण्यापुरत्या किंवा मोहात पाडण्यापुरत्या येतात, आणि त्या राज्यात त्यांच्यावर स्त्री म्हणून काय गुदरते याची विचारपूस फारशी होत नाही. वास्तविक ऑर्वेलच्या बारा वर्षे आधी, १९३७ मध्ये, कॅथरिन बर्डेकिनने मरे कॉन्स्टंटाइन या पुरुषी टोपणनावाने 'स्वस्तिका नाइट' लिहून नाझी विजयानंतर सातशे वर्षांनी स्त्रिया पशूंसारख्या कुंपणात ठेवल्या गेलेले जग रंगवले होते. तिचे खरे नाव वाचकांना १९८०च्या दशकात कळले. स्वीडिश कवयित्री कारिन बोयेने १९४० साली 'कॅलोकेन'मध्ये मनातले बोलायला लावणारे औषध शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची कबुली लिहिली, आणि त्यात पत्नी जेव्हा औषधाशिवाय, आपखुशीने मन उघडते तो प्रसंग या सगळ्या परंपरेतील सर्वांत कोवळा आणि सर्वांत धाडसी आहे. या दोघींना मिळायला हवे होते तेवढे वाचक अजूनही मिळालेले नाहीत.

अ‍ॅटवुडने १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये राहत असताना लिहायला घेतलेल्या आणि १९८५ साली आलेल्या 'द हँडमेड्स टेल'साठी एक नियम पाळला. माणसांनी कोठे ना कोठे प्रत्यक्षात केलेले नाही असे काहीही त्यात घालायचे नाही. अमेरिकन गुलामगिरीत गुलामांना मालकाच्या नावाने ओळखणे आणि अक्षरओळखीला बंदी असणे, चाउशेस्कूच्या रोमानियात १९६६ पासून गर्भपातावर आलेली बंदी, प्युरिटन वसाहतींतील धर्मसत्ता या सगळ्यांचे तुकडे जोडून तिचे 'गिलियड' उभे राहिले. या नियमामुळे डिस्टोपियाचे भविष्याशी असलेले नातेच बदलते. कादंबरी पुढे पाहत असल्याचे भासवते, पण तिची सगळी सामग्री कोणाच्या तरी भूतकाळातून येते. फक्त तो भूतकाळ आजवर ज्यांच्या वाट्याला आलेला नव्हता त्यांच्या दारात आणून ठेवला जातो.

भारतीय लेखनाकडे याच प्रश्नासह पाहणे उपयुक्त ठरते. रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आलेली 'सुलतानाज ड्रीम' ही कथा खरी म्हणजे युटोपिया आहे. सूर्यशक्तीवर चालणाऱ्या स्त्रीराज्याची सफर सुलताना पाहुणी म्हणून करते, आणि तेथे पुरुष पडद्यात असतात. त्या पुरुषांपैकी एखाद्याने ती गोष्ट सांगितली असती तर तिचे काय झाले असते, हा विचार वाचकाच्या मनात आपोआप येतो. मंजुळा पद्मनाभन यांचे 'हार्वेस्ट' हे १९९७ साली ग्रीसमधील ओनासिस पुरस्कार मिळवणारे इंग्रजी नाटक तर मुंबईतच घडते. नोकरी गेलेला ओम आपल्या शरीराचे अवयव एका बहुराष्ट्रीय कंपनीला विकण्याचा करार करतो. त्याच दिवशी त्याच्या खोलीत स्वच्छ संडास, पौष्टिक गोळ्या आणि छतावरून लोंबणारे एक यंत्र येते, ज्यातून परदेशातली ग्राहक स्त्री घरावर लक्ष ठेवते. चाळीतल्या एका खोलीत इतके लोक असताना एकान्त म्हणून काही उरलेलाच नसतो, त्यामुळे पाळतीला भिंती फोडाव्या लागत नाहीत, हे या नाटकाचे सूक्ष्म निरीक्षण आहे. गोविंद निहलानी यांनी २००१ साली त्यावर 'देहम' हा चित्रपट केला. प्रयाग अकबर यांच्या २०१७च्या 'लैला' या इंग्रजी कादंबरीत शहराच्या वस्त्या जातिधर्मानुसार उंच भिंतींनी विभागल्या जातात आणि हरवलेल्या मुलीला शोधणारी शालिनी त्या भिंतींच्या कडेने फिरते. यातली नैतिक धार अशी की पूर्वीच्या सुखवस्तू दिवसांत शालिनीही भिंतीच्या सोयीच्या बाजूला होती आणि तेव्हा तिला ती दिसली नव्हती.

मराठीत या प्रकारचे लेखन तुलनेने कमी आहे. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या पिढीने विज्ञानकथा मराठीत रुजवली, परंतु तिचा ओढा वैज्ञानिक कल्पना आणि तिचे परिणाम यांच्याकडे राहिला, राज्यसंस्थेकडे कमी. आणि राजकीय भय ज्यांना लिहायचे होते त्यांनी वास्तववादाची वाट धरली. विलास सारंगांची १९८३ सालची 'एन्कीच्या राज्यात' ही इराकमध्ये घडणारी कादंबरी याचे लक्षणीय उदाहरण आहे, कारण तेथे हुकूमशाहीची छाया दाखवण्यासाठी भविष्यकाळाची गरजच पडत नाही. तरीही डिस्टोपियन रचनेला जे लागते ते, म्हणजे पक्की श्रेणीव्यवस्था, तिचे पवित्र समर्थन आणि तिच्या आत राहणाऱ्याचा आवाज, हे सर्व मराठी साहित्यात भरपूर आहे, आणि ते कोणा लेखकाने अजून पुरते वापरलेले नाही, ही खंत बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

१९८०नंतरच्या काही लेखनाला टॉम मॉयलनसारखे अभ्यासक 'क्रिटिकल डिस्टोपिया' म्हणजे चिकित्सक डिस्टोपिया असे वेगळे नाव देतात, कारण त्यात पराभव अटळ मानलेला नसतो. त्याआधीच्या, अर्सुला ल गुइनच्या १९७४च्या 'द डिस्पझेस्ड'मध्ये अराजकवादी चंद्र आणि भांडवलशाही ग्रह दोन्ही सदोष आहेत, आणि नायक दोन्हीकडे अर्धा पाहुणा आहे. ऑक्टेव्हिया बटलरच्या १९९३च्या 'पॅरबल ऑफ द सोअर'मधील मुलगी कोसळत्या अमेरिकेतून चालत नवी वस्ती वसवायला निघते. काझुओ इशिगुरोच्या २००५च्या 'नेव्हर लेट मी गो'मध्ये मात्र पळून जाण्याला कुंपण नसतानाही कोणी पळत नाही. अवयवांसाठी वाढवलेली ती मुले आपल्या संस्थेतील चित्रकलेच्या तासांविषयी जिव्हाळ्याने बोलत राहतात, आणि संपूर्ण पुस्तकात एकही पहारेकरी न दाखवता बंदिवासाची इतकी पूर्ण जाणीव दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असेल. किशोरवाचकांसाठीच्या 'द हंगर गेम्स'सारख्या मालिकांनी हा प्रकार प्रचंड लोकप्रिय केला, पण त्यांतील बहुतेकांत धाडसी नायिका आणि उलथून टाकता येण्याजोगा राजा हे जुने साहसकथेचे सूत्रच वरचढ ठरते.

या पुस्तकांचा सार्वजनिक वापरही होतो. थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी रस्त्यावर बसून 'नाइन्टीन एटी-फोर' वाचले आणि 'हंगर गेम्स'मधला तीन बोटांचा सलाम केला. अमेरिकेत २०१७ पासून अ‍ॅटवुडच्या लाल झग्यांतील स्त्रिया विधानभवनांत दिसू लागल्या. त्याच वेळी 'ऑर्वेलियन' हे विशेषण प्रत्येक पक्ष दुसऱ्यासाठी वापरतो, आणि शब्दांची झीज हा ज्याचा मुख्य विषय होता त्याच लेखकाचे नाव असे झिजावे, ही दुःखाची बाब आहे. या कादंबऱ्यांना भाकिते मानून त्यांचे कोणते यंत्र खरे ठरले याची मोजदाद करण्यातही तोच तोटा आहे, कारण त्यांचे मोल यंत्रांत नसून आतल्या माणसाच्या स्वरात आहे.

हा स्वर बहुधा कागदावर, लपवून ठेवलेल्या दस्तऐवजाच्या रूपात येतो, आणि म्हणून तो पुढे कोणाच्या हाती पडला, हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी उभा राहतो. ऑर्वेलची कथा संपल्यावर नवभाषेवरचे परिशिष्ट येते. ते भूतकाळात आणि स्वच्छ जुन्या इंग्रजीत लिहिलेले आहे, त्यामुळे ते राज्य कधीतरी संपले असावे असा तर्क काही वाचक करतात. अ‍ॅटवुडच्या कादंबरीच्या शेवटी २१९५ सालची एक विद्वत्परिषद भरते. एका ट्रंकेत सापडलेल्या सुमारे तीस ध्वनिफितींवरून गिलियडमधील त्या दासीची कहाणी जुळवणारे प्राध्यापक तेथे निबंध वाचतात, श्रोते हसतात, टाळ्या वाजवतात. गिलियड नाहीसे झालेले आहे आणि आता सगळेच पाहुणे आहेत. प्राध्यापक तिच्या मालकाची ओळख पटवण्यात गढून जातात, आणि तिने राज्यकर्त्याच्या संगणकातली थोडी कागदपत्रे मागे ठेवली असती तर किती बरे झाले असते, अशी हळहळ व्यक्त करतात. तिचे खरे नाव त्यांना शेवटपर्यंत सापडत नाही.